तबकवाली आणि तुटक्या सोंडेचा हत्ती

परवा जेवता जेवता आमच्या ओवीने मोबाइल उपडा ठेवला आणि जाहीर केलं, की यापुढे ती कुठलीही मालिका बघणार नाही. राज्यं, शाप आणि उडते प्राणी असलेली कुठलीशी परदेशी मालिका ती कॉलेजात असल्यापासून बघत होती, आणि शेवटच्या भागांत लिहिणाऱ्यांनी म्हणे सगळ्याची माती केली. मेलेला माणूस जिवंत झाला, कधीच सुटणार नव्हता तो शाप सहज सुटला, आणि एक राजकन्या तर मधूनच जी गायब झाली ती पुन्हा कुणाला आठवलीच नाही. "आई, इतके प्लॉट होल आहेत ना, बघवत नाही गं," ती म्हणाली. मी तिच्या भातावर वरण वाढलं आणि विचारलं, "त्यात कुणी तबक धरून उभी असते का?" तिने बापाकडे पाहिलं, बापाने छताकडे पाहिलं. आईला वयाची झळ लागली असं दोघांनाही वाटलं असणार. वाटू दे. मी त्या रात्री हे प्रकरण लिहायला घेतलं.

मी शाळेत होते तेव्हा आम्ही नाशिकरोडच्या अलीकडे एका कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, पुढे कडाप्प्याचा ओटा, मागे मोरी आणि शेवग्याचं एक झाड. पप्पा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. हे 'इन्स्पेक्टर' ऐकून नातेवाइकांची पोरं आधी घाबरायची, पण पप्पांचं काम पोलिसाचं नव्हतं. तयार झालेले सुटे भाग मोजून, हाताळून, उजेडात धरून बघायचे आणि केसभर जरी फरक दिसला तरी त्याला लाल चिठ्ठी बांधायची, हे त्यांचं काम. त्यातले काही भाग भंगारात जायचे आणि काही दुरुस्त करून घेतले जायचे, त्याला ते रीवर्क म्हणायचे. सकाळी कारखान्याच्या बसचा हॉर्न वाजला की पप्पा जायचे, पण त्यांची नजर घरीच असायची. आईच्या पोळीचा एखादा काठ जाड राहिला, मिलिंदचा भांग वाकडा पडला, माझ्या फ्रॉकची एक बाजू लांब झाली, की पप्पा शांतपणे म्हणत, "रिजेक्ट." आई चिडून म्हणायची, "विमान नाही उडवायचंय तिला." मिलिंद माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघं या तपासणीत वाढलो आणि सांगायला हरकत नाही, मजेत वाढलो.

टीव्हीवर रविवारी सकाळी एक मालिका लागायची. तिचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण आम्हाला माहीत असलेल्या गोष्टीचा तिच्याशी संबंध फार थोडा होता. त्यात अग्निगड नावाचं एक राज्य होतं आणि हिमगड नावाचं दुसरं. अग्निगडात सगळं लाल दिसायचं, हिमगडात सगळं निळं. दोन्ही राजे एका जादूच्या मण्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेले. मधे एक कपटी प्रधान, एक रडकी राणी, तोंडातून धूर सोडणारा एक राक्षस, आणि सगळे जण असलं जड हिंदी बोलायचे की आमच्या हिंदीच्या बाईंनाही घाम फुटला असता. मुलांचं सोडा, कॉलनीतली मोठी माणसंही त्या मालिकेपायी वेडी झाली होती. आणि नेमकी तीच वेळ आमच्या विहारातल्या वंदनेची होती.

रविवारची वंदना चुकवायची नाही हा आमच्या घरचा नियम. पांढरे कपडे घालून आम्ही ओळीने विहारात जाऊन बसायचो, त्रिशरण म्हणायचो, आणि पलीकडच्या गल्लीतून मालिकेच्या सुरुवातीचं संगीत ऐकू आलं की मुलांच्या रांगेतून एक सुस्कारा निघायचा. वंदना घेणारे काका डोळे न उघडता घसा खाकरायचे. फक्त ज्या आठवड्यात पौर्णिमा येई त्या आठवड्यात संध्याकाळी मोठा कार्यक्रम असायचा, म्हणून रविवार मोकळा मिळायचा. म्हणजे महिन्यातून एकदा आम्ही मालिका स्वतःच्या डोळ्यांनी बघायचो आणि उरलेले रविवार तडफडायचो. अशात आमच्याकडे अक्का आत्या आली.

ती पप्पांची थोरली बहीण. सटाण्याकडे दिराच्या घरी राहायची, मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुडघा दाखवायला म्हणून आली आणि डॉक्टरांनी बरेच दिवस यायला सांगितल्यामुळे राहिली. बोलायची फार कमी. सकाळी उठून पाहावं तर अंगण झाडलेलं, पाणी भरलेलं, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा वास घरभर. उडदाचं घुटं, लसणाचा ठेचा आणि ती भाकरी. पोह्यांवर वाढलेले आम्ही आठवड्याभरात तिचे झालो. ती मात्र आमची झाली नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवायची, चहाही ओट्याला टेकून सगळ्यांत शेवटी प्यायची. आई पाट मांडायची तर म्हणायची, "ऱ्हाऊ दे वं, गुडघा वाकत नही." पण कपडे धुताना तो बरोबर वाकायचा. पाहुणी म्हणून आलेली बाई पाहुणचार घ्यायला तयार नाही, याचा आईला राग यायचा आणि पप्पांना बोलता यायचं नाही.

गुडघ्यामुळे तिला विहारात खाली बसवत नव्हतं, म्हणून रविवारी ती घरी थांबायची. मिलिंदच्या डोक्यात पहिल्यांदा ते आलं. "आत्या, तू टीव्ही बघ आणि आम्हाला सांग." पहिल्या रविवारी वंदना संपल्यावर आम्ही धावत घरी आलो आणि तिला हाताला धरून विहाराच्या पायरीवर आणून बसवलं, कारण बाकीच्या मुलांनाही ऐकायचं होतं. ती आधी लाजली. पदर सारखा करत म्हणाली, "तो लाल राजा शे ना, तो आन् निळा राजा, दोन्ही भाऊ शेतस." आम्ही थक्क झालो. हे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. "कशावरून?" मी विचारलं. "तो खांबवरना हत्ती देखा का तुम्ही? त्यानी सोंड तुटेल शे. लाल राजाकडेबी तुटेल, निळा राजाकडेबी तुटेल. मंग घर एकच नही का? वाटन्या व्हयन्यात, आन् मधमा भिंत घाली दिनी." पोरं गप्प बसून ऐकत होती, कारण वाटण्या काय असतात हे प्रत्येकाच्या घरात माहीत होतं.

त्या दिवसापासून रविवारचं आमचं घड्याळच बदललं. वंदना म्हणताना कुणी चुळबुळ करेना, काका खूश झाले, आणि शेवटचं 'साधु साधु साधु' झालं की पायऱ्यांवर गर्दी. आत्या ओले बिबडे वाटीत घालून आणायची. ज्वारीचा तो मऊ चीक बोटांनी खात खात आम्ही अग्निगडात शिरायचो. तिच्या गोष्टीत राणीची नथ कधी डाव्या बाजूला, कधी उजव्या बाजूला असायची, कारण राण्या जुळ्या होत्या आणि आळीपाळीने गादीवर बसायच्या. मण्याला अग्निकुंडात टाकलं तरी तो राजाच्या गळ्यात दिसायचा, कारण कुंडात टाकलेला मणी काचेचा होता आणि खरा कुणीतरी आधीच काढून घेतला होता. तो काढून घेणारी कोण, हे सांगताना आत्याचा आवाज बदलायचा. ती तबकवाली. दोन्ही राजांच्या दरबारात, सिंहासनाच्या मागे, हातात तबक धरून एक बाई उभी असायची. अग्निगडात लाल लुगडं, हिमगडात निळं. तिला कुणी काही विचारायचं नाही, ती काही बोलायची नाही. "ती दोन्हीसनी बहीन शे," आत्या म्हणाली. "दोन्हीकडे राबस. समदं तिले माहीत शे. पन बोलस नही." आम्हा मुलांना राजे, राक्षस कुणी आवडेनासे झाले. आम्ही तबकवालीचे झालो. मुली दुपारी पितळी ताटल्या घेऊन ओट्यावर गप्प उभ्या राहण्याचा खेळ खेळायच्या, आणि त्यात मी सगळ्यांत जास्त वेळ उभी राहायची, हे आजही अभिमानाने सांगते.

पौर्णिमेच्या आठवड्यात आम्ही स्वतः मालिका बघायला बसलो की मात्र सगळा घोळ व्हायचा. राजे एकमेकांना भाऊ म्हणायचेच नाहीत. राणी एकटीच, जुळी बहीण कुठे दिसायची नाही. तबकवाली मागे उभी असायची, पण कॅमेरा तिच्यावरून असा निघून जायचा जशी ती खांबच आहे. पप्पांना मग ऊत यायचा. "गेल्या रविवारी अक्काने काय सांगितलं? भाऊ आहेत म्हणून. मग हा त्याला ओळखत कसा नाही? रिजेक्ट. लिहिणाऱ्याला काही धरबंध नाही." आत्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची आणि आत भाकरी उलटायला जायची. पप्पांच्या मते असली ढिसाळ मालिका दुसरी झाली नव्हती. एका भागात एक आणि दुसऱ्या भागात भलतंच. आम्हालाही तसंच वाटायचं. दोष मालिकेचा असणार, कारण आत्याच्या गोष्टीत कुठेच भोक नव्हतं.

शाळेत सोमवारी भांडणं व्हायची. माझ्या वर्गात पल्लवी होती. तिच्या वडिलांचं घोटीच्या तांदळाचं दुकान होतं आणि ती मालिकेचा एकही भाग चुकवायची नाही. मी तबकवालीचं नाव काढलं की ती म्हणायची, "कोण तबकवाली? तुमचा टीव्ही मुंग्या दाखवतो का?" मी म्हणायची, "तू जाहिराती लागल्या की उठतेस, म्हणून तुझं सुटतं." शेवटी वर्गातल्या सगळ्यांसमोर मी तिला आव्हान दिलं, की रविवारी आमच्या विहाराच्या पायरीवर ये आणि खुद्द आत्याकडून ऐक. ती आली, सायकलवरून, केसांना नवी रिबीन बांधून. त्या दिवशी आत्या सांगत होती, की प्रधान मेला असं लोकांना वाटतं, पण तो मेला नाही. "मरना कोठे? दाढी लाईसन उना ना तो, साधू बनीसन." पल्लवीने सगळं ऐकून घेतलं. मग भांडणाच्या नव्हे, खरोखर कुतूहलाच्या सुरात तिने विचारलं, "आत्या, पण तो साधू तर म्हणाला ना, की मी हिमालयातून आलो, मला प्रधान माहीत नाही. तुम्ही ऐकलं नाही का ते?"

आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मिलिंदकडे. बिबड्याची वाटी तिने पायरीवर ठेवली. "माले हिंदी येत नही, पोरी," ती म्हणाली. "मी नुसतं देखस."

एवढे महिने ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बागलाणातल्या खेड्यात जन्म गेलेली बाई ते जड हिंदी कुठून समजणार, हा साधा प्रश्न इन्स्पेक्टर पप्पांनाही पडला नव्हता. साधू आणि प्रधान एकच नट करत होता, पैसे वाचवायला एकच दरबार लाल-निळ्या दिव्यांत दोनदा वापरत होते, आणि नथीची बाजू कुणाच्या लक्षात राहत नव्हती. आत्याने डोळ्यांना दिसलं ते सगळं खरं मानलं होतं आणि त्या खऱ्याला टाके घालून एक गोष्ट शिवली होती. आज मला हे उलगडून सांगता येतं. त्या दिवशी मात्र आधी एक पोरगं हसलं, मग मिलिंद, आणि मग पायऱ्यांवर हसू फुटलं. त्यात वाईट काही नव्हतं, गंमत वाटली म्हणून पोरं हसली. पण आत्या उठली, गुडघ्यावर हात दाबत घरी गेली, आणि वाटी तशीच पायरीवर राहिली.

त्यानंतर ती गोष्टीचं नाव काढेना. पुढच्या रविवारी सरळ विहारात येऊन मागे भिंतीला टेकून उभी राहिली, घरी टीव्ही बंद. मग एका संध्याकाळी तिने पप्पांना सांगितलं, की गुडघा बरा आहे, दिराकडे कांद्याचं काम निघालंय, रविवारी दुपारच्या गाडीने ती सटाण्याला जाणार. आईचं तोंड उतरलं. सटाण्याला काय आहे हे आईला ठाऊक होतं. तिथेही आत्या सगळ्यांच्या मागून उभ्या उभ्याच जेवायची, पण तिथे पाट मांडणारं कुणी नव्हतं. रात्री भांडी आवरताना आई पप्पांना म्हणाली, "तुम्ही थांब म्हणा ना त्यांना." पप्पा म्हणाले, "काय म्हणू? तिला इथे बरं वाटत नसेल तर?" त्यांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागातली चूक सापडायची, पण बहिणीला राहा म्हणायला शब्द सापडत नव्हता. मला रडू आलं. आत्या गेली तर घर पुन्हा दोन खोल्यांचं होईल असं काहीतरी मी आईला म्हणाले, आणि आईने मला जवळ घेतलं.

त्या रविवारी नेमका मालिकेचा शेवटचा भाग होता. काकांनाही राहवलं नसावं, कारण त्यांनी वंदना दुपारवर ढकलली. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते सगळे आमच्याकडे. खाटेवर, खाली सतरंजीवर, दारात, खिडकीच्या गजांना धरून बाहेर. पल्लवीही आली होती आणि माझ्या शेजारी बसली होती. आमच्यात बट्टी झाली होती, कारण तिनेच मला विचारलं होतं, "तुझी आत्या पुढचं सांगणार नाही का गं?" दाराशी आत्याची कापडी बॅग भरून ठेवलेली होती आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला यायला सांगितलं होतं. आत्या स्वतः चहाचा ट्रे घेऊन गर्दीतून फिरत होती.

शेवटचा भाग कसला, नुसती गडबड. राक्षस आपोआप नाहीसा झाला. मणी कुठे गेला ते कुणी विचारलंच नाही. साधू मधेच निघून गेला. दोन्ही राजांनी तलवारी उपसल्या आणि एकदम आकाशवाणी होऊन त्यांनी त्या खाली टाकल्या. का, ते आकाशालाच माहीत. शेवटच्या क्षणी राजा सिंहासनावर बसताना मागे, पडद्याच्या अगदी कडेला, ती दिसली. तबक तसंच हातात. खोलीतली सगळी पोरं एकदम ओरडली, "तबकवाली." कॅमेरा सरकला आणि नावं सुरू झाली.

कुणी उठेना. पोरांची तोंडं बघवत नव्हती. सगळ्यांनी पप्पांकडे पाहिलं, आता ते रिजेक्ट म्हणणार म्हणून. पप्पांनी उठून टीव्ही बंद केला. आत्या ट्रे धरून खिडकीशी उभी होती. पप्पा तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "अक्का, हाई काही खरं नही. आते तू सांग." पप्पांच्या तोंडून आत्याची ती अहिराणी बोली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. कारखान्यात, कॉलनीत, आमच्याशी, सगळ्यांशी ते पुस्तकासारखं स्वच्छ बोलायचे.

"माले हिंदी येत नही, भाऊ," आत्या म्हणाली.

"माले कोठे पाहिजे हिंदी," पप्पा म्हणाले. "तू देखं ते सांग."

आत्याने ट्रेकडे बघतच सुरुवात केली. त्या तलवारी आकाशातल्या आवाजाने खाली पडल्या नव्हत्या. तबकवाली पहिल्यांदा बोलली होती. ती म्हणाली होती, की त्या हत्तीची सोंड तुम्ही दोघांनी लहानपणी खेळताना तोडली, आणि मार मी खाल्ला. ते ऐकून दोन्ही राजे रडले. मणी तिच्या तबकातच होता, फुलांच्या खाली, पहिल्यापासून. तिने तो काढून मधल्या भिंतीवर ठेवला आणि भिंत पडली. खिडकीबाहेरच्या माणसाने गजांना कपाळ टेकवलं होतं. "मंग दोन्ही भाऊंनी तिले इचारं," आत्या म्हणाली, "बहीन, आते तू कोना घर ऱ्हाशी?"

"मग?" मिलिंद म्हणाला.

"मंग काय? ती म्हने, घर एकच शे. तिनी तबक खाले ठेवं," आणि आत्याने हातातला ट्रे टीव्हीवर ठेवला, "आन् बसनी." गर्दीने खाटेवर जागा केली आणि ती पप्पांच्या शेजारी बसली, सगळ्यांच्या मधोमध.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा. मिलिंद उठला तसे पप्पा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "सांग त्याला, आमच्यातलं कुणी जात नाही." आत्याने गुडघा नीट पसरला, पदराने कपाळ पुसलं, आणि बसल्या जागेवरून आईला म्हणाली, "सुमन, माले बी एक कप दे वं. मनाच चहा राही गया."